काउगेटचा संघ आणि दोनदां जिंकलेली दुसरी डिव्हिजन

ज्युबिलीच्या पुस्तकांत मंदिराची पायाभरणी, घंटेची खरेदी, ओळीनें येऊन गेलेले धर्मगुरु आणि शाळेच्या इमारतीसाठीं वर्गणी देणारे दाते ह्यांचा वृत्तांत वाचावयास मिळतो, आणि तो तसा मिळावा हें योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचा इतिहास केवळ मंदिराच्या भिंतींच्या आंत घडत नाहीं. रविवारची मिस्सा संपल्यावर तरुण मंडळी कोठें जाते, कोणाबरोबर बसते आणि कशांत रमते, हेंहि त्या इतिहासाचें एक प्रकरण असतें. मात्र तें बहुधा लिहिलें जात नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत स्कॉटलंडांतील एडिंबरो शहराच्या एका दरिद्री धर्मग्रामांत जन्मास आलेल्या फुटबॉल संघाची हकीगत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. त्या संघानें पुढें मोठे मान मिळविले; पण आमचा मुख्य विषय ते मान नव्हेत. १८९३ ते १८९५ ह्या काळांत त्यानें खालच्या डिव्हिजनमध्यें जे दोन हंगाम काढले, त्यांची ही कथा आहे. पहिल्या हंगामांत तो सर्वांत वर आला, आणि तरीहि त्याला वरच्या डिव्हिजनचें दार उघडलें गेलें नाहीं.

एडिंबरो हें स्कॉटलंडच्या राजधानीचें शहर. त्याच्या जुन्या भागांत, वरून पूल गेलेले आणि आपण खंदकाच्या तळाशीं उभे आहोंत असें वाटावें अशा ठिकाणीं, काउगेट नांवाचा रस्ता आहे. १८४५ पासून पुढें आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजून जो भयंकर दुष्काळ पडला, त्या वेळीं हजारों आयरिश कुटुंबें समुद्र ओलांडून स्कॉटलंडांत आलीं. एडिंबरोस आलेल्यांपैकीं पुष्कळांनीं काउगेटांत बिऱ्हाड केलें. इतक्यांनीं कीं, त्या वस्तीला ‘लहान आयर्लंड’ असेंच लोक म्हणूं लागले. मोलमजुरी करावी, रस्ते झाडावे, जुन्या कपड्यांची फेरी करावी आणि एकेका खोलींत दहा-दहा माणसांनीं निजावें, असा तेथील संसार. भोवतालचें शहर प्रेस्बिटेरियन. हे कॅथॉलिक, परके आणि गरीब. १८५६ सालीं एक जुनें एपिस्कोपल प्रार्थनामंदिर विकत घेऊन त्याचें सेंट पॅट्रिकचें मंदिर करण्यांत आलें, तेव्हां ह्या लोकांना आपलें म्हणण्यासारखें एक ठिकाण मिळालें.

ह्या मंदिराचे धर्मगुरु फादर एडवर्ड हॅनन हे आयर्लंडांतील लिमरिक परगण्याचे. पुढें ते कॅनन झाले व त्याच नांवानें ओळखले जातात. लिमरिकमध्येंच १८४९ सालीं ‘कॅथॉलिक यंग मेन्स सोसायटी’ ही तरुणांची संस्था निघाली होती. तिची शाखा हॅनन ह्यांनीं १८६५ सालीं एडिंबरोस काढली. वाचनालय, व्याख्यानें, दारूपासून दूर राहण्याचा उपदेश, सायंकाळचे वर्ग असा तिचा व्याप असे. पण वीस वर्षांच्या मुलास केवळ व्याख्यानानें संध्याकाळीं घरीं बसवितां येत नाहीं, हें कोणत्याहि धर्मगुरूस ठाऊक असतें. त्या सुमारास एडिंबरोच्या मेडोज नांवाच्या सार्वजनिक मैदानांत फुटबॉलचा नवा खेळ सुरू झाला होता. सोसायटीच्या मायकेल व्हेलॅहन ह्या तरुणानें व त्याच्या सोबत्यांनीं आपलाहि संघ असावा असें मनांत आणलें, आणि हॅनन ह्यांनीं त्यांना पाठबळ दिलें. ६ ऑगस्ट १८७५ ही संघाच्या स्थापनेची तारीख. आयरिश कॅथॉलिकांच्या नागरी हक्कांसाठीं झगडलेले डॅनियल ओ’कॉनेल ह्यांच्या जन्मास त्याच दिवशीं शंभर वर्षें पुरीं होत होतीं. आयर्लंडचें लॅटिन नांव ‘हायबर्निया’. त्यावरून संघाचें नांव ‘हिबर्नियन’ ठेवण्यांत आलें. रंग हिरवा, चिन्ह आयरिश वीणेचें, आणि नियम असा कीं, जो सोसायटीचा सभासद नाहीं त्यास संघांत खेळतां येणार नाहीं. व्हेलॅहन हा पहिला कॅप्टन व हॅनन हे व्यवस्थापक झाले.

आरंभींच एक अडथळा आला. फुटबॉलच्या चालकांनीं ह्या संघास आपल्यांत घेण्याचें नाकारलें. आपली संस्था स्कॉच लोकांसाठीं आहे, आयरिशांसाठीं नव्हे, असा त्यांचा अभिप्राय पडला. तथापि मैदानांतील खेळाडू चालकांपेक्षां उदार असतात असें पुष्कळदां दिसून येतें. १८७५ च्या नाताळच्या दिवशीं मेडोजवर ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ ह्या दुसऱ्या नव्या संघानें हिबर्नियनशीं सामना खेळला. तो हार्ट्सनीं एका गोलानें जिंकला. एकाच शहराच्या ह्या दोन संघांची चुरस तेव्हांपासून आजपर्यंत चालत आलेली आहे. हळूहळू चालकांचाहि विरोध मावळला, आणि १२ फेब्रुवारी १८८७ रोजीं ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर डंबार्टनचा २–१ असा पराभव करून हिबर्नियननें स्कॉटिश कप जिंकला. स्कॉटलंडच्या पूर्व भागांत हा कप प्रथमच आला, आणि तो आणणारे काउगेटचे आयरिश तरुण होते.

ह्या विजयाच्या आनंदांतच पुढील संकटाचें बीज पडलें. ग्लासगोमध्यें आयरिशांची वस्ती एडिंबरोपेक्षां कितीतरी मोठी. अंतिम सामन्यानंतर तेथील सेंट मेरीच्या हॉलमध्यें विजयी संघाचा सत्कार झाला, आणि त्या वेळीं हिबर्नियनच्या मंडळींनीं यजमानांना सुचविलें कीं, तुम्हीहि असा एखादा संघ कां काढीत नाहीं? ग्लासगोकरांनीं ती सूचना मनावर घेतली. मॅरिस्ट ब्रदर वॉलफ्रिड ह्यांच्या पुढाकारानें ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं ‘सेल्टिक’ संघाची स्थापना झाली. गरीब मुलांना जेवण देण्यासाठीं पैसा उभारणें हा त्यांचा हेतु होता, आणि तो स्तुत्यच होता. सेल्टिकच्या नव्या मैदानावर ८ मे १८८८ रोजीं पहिला सामना झाला, त्यांत खेळण्यास हिबर्नियनलाच बोलाविण्यांत आलें होतें. परंतु त्याच उन्हाळ्यांत हिबर्नियनचे अनेक उत्तम खेळाडू एडिंबरो सोडून सेल्टिककडे गेले. खेळाबद्दल पैसे घेण्यास त्या काळीं स्कॉटलंडांत उघड परवानगी नव्हती. तरी मोठ्या शहरांत मोठी प्राप्ति असते, आणि आडपडद्यानें काय चालत असे तें सर्वांना ठाऊक होतें. दोन्ही संघ एकाच धर्माचे, एकाच देशांतून आलेल्या लोकांचे. पण घरच्या माणसानें घरच्याच माणसाचें ताट ओढलें तर भूक कमी लागत नाहीं.

त्यानंतर पडता काळ सुरू झाला. चांगले खेळाडू गेले, तसे प्रेक्षक कमी झाले. प्रेक्षक कमी झाले, तसें उत्पन्न आटलें. १८९० सालीं स्कॉटिश लीग सुरू झाली, तिच्या पहिल्या अकरा क्लबांत हिबर्नियनचें नांव नव्हतें. मैदानाचा पट्टाहि हातचा गेला, आणि संघ बेघर झाला. १८९१ च्या जून महिन्यांत कॅनन हॅनन मरण पावले. त्याच वर्षीं हिबर्नियनचा खेळ बंद पडला.

एखाद्या धर्मगुरूनें उभारलेली संस्था त्याच्या मागें टिकते कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. फादरांच्या उत्साहानें निघालेलीं मंडळें त्यांची बदली झाल्याबरोबर विरून गेल्याचीं उदाहरणें वाचकांना स्वतःच्या आठवणींतून देतां येतील. हिबर्नियनचेंहि तसेंच झालें असतें, तर कोणास आश्चर्य वाटण्याचें कारण नव्हतें. कप जिंकून चार वर्षें झालीं होतीं. आतां नांव होतें, पण मैदान नव्हतें, पैसा नव्हता आणि ज्याच्या शब्दावर सर्व चालत असे तो माणूसहि नव्हता.

परंतु कांहीं गृहस्थांनीं हार मानली नाहीं. १८९२ च्या अखेरीस ईस्टर रोडवरील जागेचा पट्टा मिळविण्यांत आला, आणि ४ फेब्रुवारी १८९३ रोजीं ह्या मैदानावर पहिला सामना झाला. पाहुणा संघ होता ग्लासगोचा क्लाइड. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. संघाची पुनर्घटना करतांना जुना नियम काढून टाकण्यांत आला. इतःपर सोसायटीचा सभासद असो वा नसो, कॅथॉलिक असो वा नसो, ज्याच्या अंगीं गुण आहे त्यास हिरवी जर्सी घालतां येईल असें ठरलें. हा बदल सोपा नव्हता. ज्यांनीं अठरा वर्षें ह्या संघाकडे आपल्या धर्मग्रामाचा अंश म्हणून पाहिलें, त्यांच्यापैकीं कित्येकांना हें घरचें दार परक्यांस उघडल्यासारखें वाटलें असेल. पण माझ्या मतें हाच ह्या इतिहासांतील सर्वांत धीराचा निर्णय होता. १८७५ मध्यें ज्यांना ‘तुम्ही आमच्यांतले नव्हेत’ म्हणून बाहेर ठेवण्यांत आलें, त्यांनींच १८९३ मध्यें आपल्या दारावरची पाटी काढली. शिवाय त्याच वर्षीं स्कॉटलंडांत खेळाडूंना उघडपणें पैसे देण्यास मान्यता मिळाली होती. केवळ एका धर्मग्रामांतील तरुणांवर विसंबून ह्या नव्या बाजारांत तग धरणें शक्यच नव्हतें.

आतां लीग म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कपाच्या स्पर्धेंत एक सामना हरला कीं संघ बाहेर पडतो. एखाद्या दुबळ्या संघाचें दैव एखाद्या शनिवारीं फळफळतें आणि बलवान संघ घरीं जातो. लीगमध्यें तसें नाहीं. प्रत्येक संघानें दुसऱ्या प्रत्येक संघाशीं दोनदां खेळावयाचें, एकदां स्वतःच्या मैदानावर व एकदां त्याच्या. त्या काळीं जिंकल्यास दोन गुण व बरोबरी झाल्यास एक मिळे. हंगामाच्या शेवटीं बेरीज करावयाची. पाऊस, चिखल, दुखापत, प्रवासाचा शीण हें सर्व त्या बेरजेंत येतें. म्हणून संघाची खरी योग्यता कपापेक्षां लीगच्या तक्त्यांत दिसते असें जाणते म्हणतात, आणि तें मला पटतें.

१८९३ च्या उन्हाळ्यांत स्कॉटिश लीगनें एक दुसरी डिव्हिजन काढली. तींत दहा क्लब घेण्यांत आले: हिबर्नियन, काउलेअर्स, क्लाइड, मदरवेल, पार्टिक थिसल, पोर्ट ग्लासगो ॲथलेटिक, ॲबरकॉर्न, मॉर्टन, नॉर्दर्न आणि थिसल. नकाशा पुढें घेऊन बसल्यास एक गोष्ट तत्काळ लक्षांत येते. ह्या दहांपैकीं नऊ क्लब स्कॉटलंडच्या पश्चिम भागांतले, कोणी ग्लासगोचे, कोणी पेझलीचे, कोणी क्लाइड नदीच्या मुखाकडील बंदरांचे. पूर्वेकडला क्लब एकटा हिबर्नियन. म्हणजे बाकीच्यांना परगांवच्या बहुतेक सामन्यांसाठीं घरापासून फारसें दूर जावें लागत नसे. हिबर्नियनला मात्र नऊहि वेळां आगगाडीनें सबंध देश ओलांडावा लागे. ग्लासगो तेवढें सुमारें पंचेचाळीस मैल; बंदराचे गांव त्याहून पुढें. नुकत्याच पुन्हां उभ्या राहिलेल्या, मैदानाचें भाडें आणि खेळाडूंचें वेतन ह्यांची तोंडमिळवणी करूं पाहणाऱ्या संघास हा खर्च हलका नव्हता. उलट, पश्चिमेकडील संघांना ईस्टर रोडला वर्षांतून एकदांच यावयाचें. तरी त्यांपैकीं कोणास तें आवडत असेल असें वाटत नाहीं.

हा एकटा पूर्वेचा संघ हंगामभर जें खेळला, तें आंकड्यांत सांगणेंच बरें. अठरा सामन्यांत तेरा विजय, तीन बरोबऱ्या, दोन पराभव. केलेले गोल ८३, झालेले २९. गुण २९. दर सामन्यास सरासरी साडेचार गोलांहून अधिक झाले. दुसरा आला काउलेअर्स. त्याचेहि विजय तेराच, परंतु पराभव चार, म्हणून गुण २७. तिसरा क्लाइड, अकरा विजय व दोन बरोबऱ्या मिळून २४ गुण. म्हणजे चुरस काउलेअर्सशींच होती, आणि ती खरोखर अटीतटीची होती. दोन संघांनीं सारखेच सामने जिंकावे आणि निकाल तीन बरोबऱ्यांवर ठरावा, असा तो प्रकार झाला. हरूं पाहणारा सामना बरोबरींत आणणें हें प्रेक्षकांना फारसें दिसत नाहीं, टाळ्याहि पडत नाहींत; पण हिशेबाच्या वहींत तोच गुण शेवटीं कामास येतो.

अशा रीतीनें कप जिंकलेला, मेलेला आणि पुन्हां उठलेला हा संघ नव्या डिव्हिजनचा पहिला विजेता ठरला. वाचक साहजिकच समजतील कीं, पुढच्या वर्षीं तो वरच्या डिव्हिजनमध्यें गेला. तसें झालें नाहीं.

त्या काळीं बढतीचा नियम असा नव्हता कीं, जो वर येईल त्यानें आपोआप वर जावें. वरच्या डिव्हिजनच्या तळाशीं राहिलेल्या क्लबांनीं आपली जागा टिकविण्यासाठीं पुन्हां अर्ज करावयाचा, खालच्या डिव्हिजनच्या अग्रभागीं असलेल्यांनीं वर येण्यासाठीं अर्ज करावयाचा, आणि लीगच्या सभेंत क्लबांच्या प्रतिनिधींनीं मतें देऊन कोणास घ्यावयाचें तें ठरवावयाचें. तक्ता ही केवळ शिफारस, हुकूम मतांचा. एखाद्या शाळेंत परीक्षेंत पहिला आलेला मुलगा दारांत उभा रहावा, आणि वरच्या वर्गांतील मुलांनीं हात वर करून तिसऱ्या आलेल्या मुलास आंत घ्यावें, अशी ही रीत. आमच्याकडील मुलांनासुद्धां हें सांगितलें तर तीं हंसतील.

१८९४ च्या त्या सभेपुढें वरच्या डिव्हिजनमधून डंडी, लीथ ॲथलेटिक आणि रेंटन हे तीन क्लब आले, आणि खालून हिबर्नियन, काउलेअर्स व क्लाइड. ह्यांपैकीं रेंटनची दशा सर्वांत वाईट होती. अठरा सामन्यांत त्यांनीं एकच जिंकला होता. डंबार्टनशरमधील एका लहानशा गांवाचा हा संघ. एके काळीं त्यानेंहि स्कॉटिश कप जिंकलेला होता. त्याला खालीं पाठविण्यांत आलें, ह्यांत अन्याय म्हणण्यासारखें कांहीं नाहीं. डंडी व लीथ ह्यांना राहूं देण्यांत आलें. एक जागा मोकळी झाली. ती क्लाइडला मिळाली.

पहिला आलेला हिबर्नियन खालींच. दुसरा आलेला काउलेअर्सहि खालींच. पांच गुणांनीं मागें राहिलेला क्लाइड वर. चौदा-पंधरा महिन्यांपूर्वीं ज्या संघास ईस्टर रोडवर पाहुणा म्हणून बोलावून मैदानाचें उद्घाटन करण्यांत आलें, तोच आतां यजमानाच्या डोक्यावरून उडी मारून पुढें गेला. ह्यांत क्लाइडचा दोष कांहींच नव्हता. कोणी दिलेली जागा कोण नाकारतो?

ह्या निर्णयाच्या मुळाशीं आयरिशांविषयींचा आकस होता असें पुष्कळांना वाटत आलें आहे. अठरा वर्षांपूर्वींचा नकार ज्यांना आठवत होता, त्यांना तसें वाटावें हें स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्यावर थांबणें मला रास्त वाटत नाहीं. त्या वर्षीं वरच्या डिव्हिजनचा विजेता सेल्टिक होता, म्हणजे ग्लासगोच्या आयरिशांचाच संघ. तेव्हां आयरिश नांव असलें कीं लीगमध्यें जागा नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. मत देणाऱ्या क्लबांच्या मनांत प्रवासखर्च असतो, दाराशीं जमणाऱ्या पैशाची आशा असते, जुन्या ओळखी असतात. वरच्या दहा क्लबांत हार्ट्स, सेंट बर्नार्ड्स आणि लीथ असे तीन क्लब एडिंबरो व त्याच्या बंदरांतील आधींच होते, डंडी धरून पूर्वेकडील चार. मतें देणारे बहुतेक पश्चिमेचे. आणखी एक पूर्वेकडील क्लब घेण्यापेक्षां दाराशेजारचा ग्लासगोचा क्लब घेणें त्यांना सोयीचें होतें. सोय हा शब्द आकसाइतका कठोर नाहीं; पण ज्याच्यावर निर्णय पडतो त्याला दोहोंची चव सारखीच लागते. दोष माणसांपेक्षां पद्धतीचा होता असें मी म्हणेन. जेथें स्पर्धकांनींच आपला पुढचा स्पर्धक निवडावयाचा, तेथें सर्वांत बलवान असणें हें कांहीं निवडून येण्याचें साधन नव्हे.

ह्या वेळीं हिबर्नियनच्या मंडळींपुढें काय मार्ग होते? रागावून लीग सोडतां आली असती. तसें करणारे क्लब त्या काळीं थोडे नव्हते. पुन्हां मित्रत्वाचे सामने खेळत बसतां आलें असतें. नवा संघ अवघ्या दीड वर्षाचा. खेळाडू पगारी झालेले. वरच्या डिव्हिजनची आशा दाखवून ज्यांना आणलें, ते दुसऱ्या वर्षीं खालींच राहावयाचें म्हटल्यावर टिकतील कशावरून? १८८८ चा अनुभव विसरण्यासारखा नव्हता. तरीहि त्यांनीं दुसऱ्या डिव्हिजनमध्येंच पुन्हां नांव घातलें.

१८९४–९५ च्या हंगामांत कांहीं नवीं नांवें आलीं. रेंटन वरून उतरला. एअरड्रीओनियन्स आणि डंडी वाँडरर्स हे नवे. नॉर्दर्न व थिसल गेले. ह्या डिव्हिजनमधील संघांत बळाचें अंतर किती मोठें होतें, हें डिसेंबर १८९४ मधील एका सामन्यावरून कळतें. त्यांत एअरड्रीनें डंडी वाँडरर्सवर १५–१ असा विजय मिळविला. पण त्याच डिव्हिजनमधील रेंटन त्याच हंगामांत स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. म्हणजे दुसरी डिव्हिजन म्हणून तींत सगळे कच्चेच गडी होते, असें कोणी समजूं नये.

हिबर्नियनचे आंकडे ह्या वेळीं असे: अठरा सामन्यांत चौदा विजय, दोन बरोबऱ्या, दोन पराभव, केलेले गोल ९२, झालेले २८, गुण ३०. दुसरा आलेला मदरवेल २२ गुणांवर राहिला. आदल्या वर्षीं दोन गुणांची आघाडी होती, ती आतां आठांची झाली. दर सामन्यास पांचाहून अधिक गोल. आदल्या वर्षीं त्यांना वर न घेण्यास ‘काउलेअर्सहि जवळजवळ तितकाच चांगला होता’ असें म्हणावयास निदान जागा होती. ह्या वेळीं तीहि उरली नाहीं. बिचाऱ्या काउलेअर्सची कथा उलट झाली. लीगच्या मूळ अकरा क्लबांपैकीं तो एक. आदल्या वर्षीं दुसरा आलेला हा संघ ह्या हंगामांत कोसळला, आणि १८९५ सालीं लीगमधून बाहेर पडला. त्यालाहि १८९४ मध्यें मतांनीं डावललें होतें. तो नकार एकास उठवून गेला आणि दुसऱ्यास मोडून गेला, एवढें मात्र खरें.

१८९५ चें वर्ष एडिंबरोच्या फुटबॉलास असें आलें कीं, तसें पुन्हां क्वचितच आलें असेल. पहिल्या डिव्हिजनमध्यें हार्ट्स अव्वल. स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यांत रेंटनचा २–१ असा पराभव करून कप सेंट बर्नार्ड्सकडे. आणि दुसरी डिव्हिजन हिबर्नियनकडे. तिन्ही मान एका शहरांत. आतां एडिंबरोचे संघ दूर पडतात ही सबब पुढें करणें पश्चिमेकडील क्लबांनाहि जड गेलें असावें. त्या वर्षींच्या सभेंत हिबर्नियनला वर घेण्यांत आलें.

त्यासाठीं जागा मोकळी करावी लागली ती लीथ ॲथलेटिकला. लीथ हें एडिंबरोचें बंदर, त्या वेळीं स्वतंत्र नगर. ईस्टर रोडचें मैदान त्याच्या अगदीं वेशीजवळ. एका शेजाऱ्याच्या आनंदाच्या दिवशीं दुसऱ्याच्या घरीं दिवा लागला नाहीं. १८९४ मध्यें ह्याच मतपद्धतीनें लीथला वांचविलें होतें, १८९५ मध्यें तिनेंच त्याला खालीं ढकललें. डंबार्टनहि तळाशींच होता, पण तो राहिला. पद्धति तीच, न्यायहि तसाच.

वर गेल्यावर पहिल्याच वर्षीं, १८९५–९६ मध्यें, हिबर्नियन पहिल्या डिव्हिजनमध्यें तिसरा आला; त्याच्या पुढें सेल्टिक आणि रेंजर्स हे दोनच. दोन वर्षें ज्याला दारांत उभें केलें, तो आंत येतांच सात क्लबांच्या पुढें जाऊन बसला. त्याच हंगामांत तो स्कॉटिश कपाच्याहि अंतिम सामन्यांत पोंचला. समोर हार्ट्स, म्हणून १४ मार्च १८९६ चा तो सामना ग्लासगोऐवजीं एडिंबरोच्या लोगी ग्रीन मैदानावर खेळविण्यांत आला. कपाचा अंतिम सामना ग्लासगोबाहेर झाल्याचें तेवढें एकच उदाहरण आहे. हार्ट्सनीं तो ३–१ असा जिंकला. १९०२ मध्यें मात्र सेल्टिकच्याच मैदानावर सेल्टिकचा एका गोलानें पराभव करून हिबर्नियननें कप पुन्हां मिळविला, आणि १९०२–०३ चा हंगाम जिंकून पहिल्या डिव्हिजनचेंहि अजिंक्यपद घेतलें. मोठ्या इतिहासांत ह्या दोन वर्षांना सोनेरी अक्षरें लाभतात. परंतु १८९४ च्या उन्हाळ्यांत तीं माणसें उठून घरीं गेलीं असतीं, तर १९०२ कोठून येतें?

मतांची पद्धति पुढें पुष्कळ वर्षें चालू राहिली. इंग्लंडांत १८९८–९९ च्या हंगामापासून आपोआप बढती व उतार सुरू झाले. स्कॉटलंडास त्यासाठीं १९२१–२२ पर्यंत थांबावें लागलें. ह्या नव्या नियमाचा पहिला फटका हिबर्नियनला १९३१ सालीं बसला. हंगामाच्या शेवटीं तक्त्याच्या तळाशीं राहिल्यामुळें त्याला खालीं जावें लागलें, आणि आमची जागा राखा म्हणून कोणाकडे अर्ज करण्याची सोय उरली नव्हती. दोन हंगाम तो पुन्हां दुसऱ्या डिव्हिजनमध्यें खेळला. १९३२–३३ च्या हंगामांत त्यानें ती डिव्हिजन जिंकली, आणि त्या उन्हाळ्यांत कोणतीहि सभा न भरतां तो वर गेला.